दोनशे तासांच्या आधी

ग्वाल्हेरच्या मुलांना विमान दिसण्याआधी ऐकू येतं. महाराजपुऱ्याच्या तळावरून मिराज उठलं की शहरातल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांची तावदानं थरथरतात, मास्तर फळ्यासमोर क्षणभर थांबतात आणि वर्गातल्या निम्म्या माना खिडकीकडे वळतात. जून १९८५मध्ये फ्रान्सहून पहिली मिराज-२००० विमानं इथे उतरली, तेव्हापासून हे चालू आहे. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या ग्वाल्हेरकराने लहानपणापासून आकाशात जे पाहिलं, ते मुख्यतः लढाऊ विमान. २६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज याच शहरातली, हे कळल्यावर इथल्या महाराज बाड्यावर मिठाई वाटली गेली असेल, तर त्यात नवल नाही.

याचा एक परिणाम असा झाला की ‘मला पायलट व्हायचंय’ असं इथलं पोर म्हणतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मिराज असतं. आणि बारावीनंतर त्याचे आईवडील ज्याची चौकशी करत फिरतात, तो असतो प्रवासी विमानाचा परवाना, म्हणजे सीपीएल, कमर्शियल पायलट लायसन्स. चित्र एका धंद्याचं आणि फी दुसऱ्या धंद्याची. या पुस्तकाची गरज मला वाटली ती इथे. व्यावसायिक वैमानिकाचं शिक्षण कसं होतं, कुठे होतं, त्याला किती काळ आणि किती पैसा लागतो, हे पुढच्या प्रकरणांत तपशिलाने आलेलंच आहे. प्रस्तावनेत मला एवढंच करायचं आहे की, वाचकाच्या डोक्यातलं ते मिराज अलगद उतरवून तळावर परत पाठवायचं.

लढाऊ वैमानिकाचं शिक्षण सरकार करतं. एनडीए किंवा हवाई दलाची प्रवेश परीक्षा, निवड मंडळ, मग अकादमी. पदरचा पैसा लागत नाही, पण गाळणी फार बारीक. नागरी वैमानिकाचं उलटं आहे. दार बरंच मोठं, पण आत जाताना खिसा रिकामा होतो. फरक इथे संपत नाही. लढाऊ वैमानिकाला संकट जिथे आहे तिथे मुद्दाम पाठवलेलं असतं. प्रवासी विमानाच्या वैमानिकाने वादळ तीस-चाळीस मैल दूर असतानाच वाट वाकडी करावी आणि मागे बसलेल्या एकशे ऐंशी जणांना त्याचा पत्ताही लागू नये, ही त्याच्याकडून अपेक्षा. त्याचा उत्तम दिवस म्हणजे सांगण्यासारखं काहीही न घडलेला दिवस. अशा कंटाळवाण्या उत्तमपणाचं शिक्षण कसं द्यायचं, हा या विषयाचा खरा गाभा आहे आणि तो जाहिरातींत कधीच येत नाही. तिथे पांढरा शर्ट, खांद्यावरच्या पट्ट्या आणि काळा चष्मा येतो.

ग्वाल्हेर आणि नागरी विमानवाहतूक यांचं नातं तसं जुनं आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी मोठी विमानं कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजसमंदनंतर ग्वाल्हेर संस्थानातल्या माधोसागर तलावावर उतरत आणि मग अलाहाबादेला जात. धावपट्ट्या कमी आणि तलाव तयार, असा तो काळ. स्वातंत्र्यानंतर या शहराने देशाला दोन नागरी विमानवाहतूक मंत्री दिले, तेही एकाच घरातले. माधवराव शिंदे १९९१ ते १९९३ या काळात त्या खात्याचे मंत्री होते. जानेवारी १९९३मध्ये भाड्याने घेतलेलं एक परदेशी विमान दिल्लीत उतरताना कोसळलं, कोणी दगावलं नाही, तरी त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर २००१मध्ये मैनपुरीजवळ छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. जुलै २०२१ ते जून २०२४ हे खातं त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य यांच्याकडे होतं, आणि मार्च २०२४मध्ये इथल्या राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं.

एवढं सगळं असून ग्वाल्हेरच्या मुलाला उडायला शिकण्यासाठी गाव सोडावं लागतं. कारण साधं आहे. इथली धावपट्टी हवाई दलाची. नागरी विमानं तिचा पाहुण्यासारखा वापर करतात. शिकाऊ वैमानिक काय करतो? दोन आसनांचं, ताशी शंभर मैलांच्या आतबाहेर उडणारं सेसना घेऊन धावपट्टीभोवती चौकोनी घिरट्या घालतो, उतरतो, चाकं टेकतात न टेकतात तोच पुन्हा उडतो. याला सर्किट म्हणतात आणि अशी शेकडो सर्किट्स घालावी लागतात. ज्या धावपट्टीवरून सुपरसॉनिक विमानांची जोडी काही मिनिटांच्या सूचनेवर उठते, तिथे हा खेळ चालणार कसा?

हेच मुंबईचं झालं. १९२८ साली स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब जुहूचा. भारतातला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांना फेब्रुवारी १९२९मध्ये मिळाला तो इथल्याच शिक्षणावर, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते पुस मॉथ विमानाने उतरले तेही जुहूलाच. पुढे सांताक्रूझचा विमानतळ फुगला, जुहूच्या आकाशात जागा उरली नाही आणि क्लबाचं उड्डाण-शिक्षण धुळ्याला गेलं. आज देशातले वैमानिक तयार होतात ते धुळे, बारामती, गोंदियाजवळची बिरसी, जळगाव, रायबरेलीजवळचं फुरसतगंज, सागरजवळचं धाना, आणि आपल्या शेजारचं गुना अशा ठिकाणी. एअर इंडियाने आपल्या शाळेसाठी निवडलं तेही अमरावतीजवळचं बेलोरा. आकाश रिकामं हवं, धावपट्टी बऱ्यापैकी लांब हवी आणि मोठ्या विमानांची वर्दळ नको, या तीन अटींनी हा नकाशा काढला आहे. वैमानिकाचं विद्यार्थिजीवन म्हणजे छोट्या गावातली भाड्याची खोली, खानावळीचा डबा आणि पहाटे साडेपाचला धावपट्टीच्या कडेला उभं राहून विंडसॉककडे बघणं. ग्लॅमर असेल तर ते घरी पाठवलेल्या फोटोंत.

आता त्या दोनशे तासांबद्दल. सीपीएलसाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यांतले १०० तास विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून, म्हणजे जबाबदारी स्वतःकडे असताना. २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, ज्याला क्रॉसकंट्री म्हणतात, आणि त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेली. १० तास केवळ उपकरणांकडे पाहून. ५ तास रात्रीचे. वय किमान १८. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हा आजवरचा नियम; ज्यांचे हे विषय नव्हते ते मुक्त विद्यालयातून ते विषय देतात. शिवाय लेखी परीक्षा : दिशादर्शन, हवामानशास्त्र, नियम, विमानाचं तांत्रिक ज्ञान, प्रत्येकात ७० टक्के. आणि रेडिओवर बोलण्याचा स्वतंत्र परवाना.

कागदावर दोनशे तास म्हणजे काहीच नाहीत. नोकरदार माणूस महिनाभरात तेवढा वेळ कचेरीत बसतो. शाळांची पत्रकं पंधरा-अठरा महिने सांगतात. मग अनेकांना अडीच-तीन वर्षं का लागतात? या प्रश्नावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पालकांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि त्यात नेहमी कोणाची लबाडी असतेच असं नाही.

आपल्याच भागाची हवा घ्या. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चंबळच्या खोऱ्यात दाट धुकं. शिकाऊ विमानाला साधारण पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं. धुकं अकराला फाटतं, तोवर सकाळ गेलेली असते. मार्च चांगला. एप्रिलच्या अखेरीपासून ऊन. इथे हवामानशास्त्राचं पुस्तक एकदम जिवंत होतं. ग्वाल्हेरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सहाशे फुटांच्या आसपास. पण मे महिन्यात तापमान ४४ अंशांवर गेलं की हवा इतकी विरळ होते की विमानाचं इंजिन, पंख आणि पंखा हे सगळे आपण चार हजार फुटांवर आहोत असं वागू लागतात. विमानाच्या लेखी ग्वाल्हेर महाबळेश्वरच्या उंचीवर जाऊन बसतं, फक्त थंडावा सोडून. धाव लांबते, चढण मंदावते, इंजिन तापतं. दुपारी जमिनीवरून उठणारे गरम झोत छोट्या विमानाला हेलकावे देतात, म्हणून उड्डाण पहाटे आणि संध्याकाळी. त्यातली एखादी संध्याकाळ अंधड, म्हणजे धुळीचं वादळ, घेऊन जातं. मग पावसाळा. मोजून पाहिलं तर मनासारखे महिने वर्षाचे अर्धेही भरत नाहीत.

दुसरं कारण यंत्राचं. विमानाची ठरावीक तासांनी तपासणी होते आणि तेवढे दिवस ते हँगरमध्ये उभं राहतं. एखादा सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर आठवडे जातात. शाळेत विमानं दहा आहेत असं पत्रक सांगतं. आज सकाळी उडण्याजोगी किती आहेत, हे फळ्यावर लिहिलेलं असतं. तिसरं कारण शिक्षकांचं : उड्डाण-शिक्षक पुष्कळदा स्वतःच तास जमवत विमान कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहत असतो, आणि बोलावणं आलं की जातो.

म्हणून माझं पालकांना सांगणं असं की, फी किती हा प्रश्न तिसरा विचारा. पहिला : विद्यार्थी किती आणि उडती विमानं किती? दुसरा : गेल्या वर्षी इथून परवाना घेऊन बाहेर पडलेल्या मुलांना प्रवेशापासून किती महिने लागले? उत्तर कार्यालयात घेऊ नका, खानावळीत घ्या. तिथली मुलं खरं सांगतात. आणि सगळी रक्कम एकदम भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते ठरवून घ्या. परवान्यापर्यंतचा खर्च आज साधारण पन्नास लाखांच्या घरात जातो. पुढे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारखं ठरावीक विमान चालवण्याचं टाइप रेटिंग, त्याचे आणखी काही लाख. शेत किंवा घर गहाण टाकून मुलाला पाठवणारी कुटुंबं आपल्यात आहेत. त्यांना कोणी भावनेच्या भरात सल्ला देऊ नये, मीही देत नाही.

पहिल्या सोलोविषयी प्रत्येक वैमानिक बोलतो, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. पंधरा-वीस तासांनंतर एका सकाळी शिक्षक दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, ‘एक सर्किट घालून ये.’ शेजारची खुर्ची रिकामी असते, विमान हलकं झाल्यामुळे अपेक्षेपेक्षा लवकर उचलतं. उतरल्यावर मित्र अंगावर पाणी ओततात. आनंद खराच. पण माझ्या मते शिक्षणातला मोठा दिवस त्यानंतर येतो : विद्यार्थी तयार होऊन विमानापर्यंत जातो, हवा पाहतो आणि आपणहून म्हणतो, ‘सर, आज नको.’ त्या दिवशी कोणी पाणी ओतत नाही.

दिशादर्शनाच्या वर्गात एक जुना नियम शिकवतात : साठ मैलांच्या प्रवासात एका अंशाची चूक झाली तर तुम्ही एक मैल बाजूला जाता. ग्वाल्हेर ते आग्रा हे सरळ हवाई अंतर जवळपास साठ नॉटिकल मैल. स्वच्छ हवेत एका मैलाने हुकलात तरी ताजमहाल दिसेल. धुरकट संध्याकाळी धावपट्टी दिसणार नाही. जीपीएसच्या काळात हे कशाला, असं मुलं विचारतात. उत्तर असं की पडदा काय सांगतो आणि आपलं गणित काय सांगतं यांत फरक पडला तर तो लक्षात यायला आधी आपलं गणित असावं लागतं.

रेडिओवरच्या बोलण्याचंही तसंच. मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेली मुलं या परीक्षेला घाबरतात, ते उगाच. इथे लागणारं इंग्रजी मोजकं, साचेबद्ध, काही शे शब्दांचं आहे. लालित्य नको, उच्चार स्पष्ट हवा आणि सांगितलेला आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखवण्याची सवय हवी. या सवयीचं मोल १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर कळलं. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ चौदा हजार फुटांवर होतं. दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजारांवर राहायला सांगितलं होतं. ते खाली घसरलं. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं कोणी वाचलं नाही. चौकशीत कझाक चमूचं कच्चं इंग्रजी आणि आपसांतला विसंवाद पुढे आला. त्यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारं उपकरण भारतात सक्तीचं झालं. आपले नियम असेच आले आहेत. नियमांचं पुस्तक रुक्ष वाटलं तर त्यातल्या कलमांमागच्या तारखा शोधाव्यात.

आणखी एका अपघाताबद्दल लिहिणं मराठी माणसाला जड जातं. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान भर पावसात कोळिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळलं. १९० पैकी २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या घरातले, हवाई दल अकादमीची मानाची तलवार मिळवलेले, चाचणी-वैमानिक म्हणून काम केलेले. पहिल्या प्रयत्नात उतरणं जमेना म्हणून त्यांनी विमान पुन्हा वर नेलं होतं. दुसऱ्या वेळी ते धावपट्टीच्या निम्म्यापर्यंत गेल्यावर टेकलं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं, असं २०२१च्या चौकशी अहवालात आहे. अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळली जाणं हे संभाव्य कारण मानलं आणि व्यवस्थेतल्या उणिवांवरही बोट ठेवलं. त्यांचं कर्तृत्व यामुळे लहान होत नाही. पण मी हा प्रसंग इथे घेतला तो यासाठी की, कौशल्य कमी पडलं असं ज्याच्याबद्दल कोणी म्हणू शकणार नाही, त्याच्याही बाबतीत हे झालं. कॉकपिटमध्ये वयाने, हुद्द्याने, पदकांनी लहान असलेला माणूस ‘नको’ म्हणाला तर मोठ्याने ऐकायचं, आणि लहानाने ते पुरेशा मोठ्याने म्हणायचं, हे आज जगभर शिकवावं लागतं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये हे संस्कार घरात मिळतात. कॉकपिटमध्ये ते बाहेर ठेवून बसायचं असतं, आणि मला वाटतं की मराठी घरातल्या मुलांना सर्किटपेक्षा हेच शिकणं अवघड जातं.

परवाना हातात आल्यावर काय? तिथेही हवामान असतं, बाजाराचं. २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ते आकडे वाचून अनेकांनी त्या वर्षी प्रवेश घेतला. पण २०१२मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९मध्ये जेट आणि मे २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिक रांगेत आले आणि नवख्यांची पाळी मागे गेली. २०१७ साली शिकायला लागलेला मुलगा २०१९मध्ये परवाना घेऊन बाहेर पडला तर आधी जेट बंद आणि मग करोना. त्याची चूक काय होती? अमेरिकेत २००९च्या एका अपघातानंतर विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठी साधारण १,५०० तासांची अट आली. आपल्याकडे दोनशे तास, टाइप रेटिंग आणि कंपनीची निवड, एवढ्यावर उजवी खुर्ची मिळू शकते. कप्तान होण्यासाठीचा वरचा परवाना मात्र १,५०० तासांनंतरच. कुठली पद्धत बरी यावर वाद आहे. मला वाटतं की तास किती यापेक्षा ते कसे भरले हे महत्त्वाचं, आणि लॉगबुकात ते लिहायला रकाना नसतो.

मुलींच्या पालकांसाठी दोन ओळी. भारतात व्यावसायिक वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीहून दुपटीपेक्षा जास्त. १९८५मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फक्त स्त्रियांच्या चमूचं पहिलं उड्डाण झालं, तेव्हा कप्तानाच्या खुर्चीत सौदामिनी देशमुख होत्या. तेव्हा ‘मुलीला कशाला’ हा प्रश्न चाळीस वर्षं जुना झाला. नवा प्रश्न पैशाचा आहे आणि तो मुलाला व मुलीला सारखाच लागू आहे.

या पुस्तकाची रचना मला आवडली ती एका कारणासाठी. पहिलं प्रकरण उड्डाणाचं नाही, प्रवेशाचंही नाही. ते वैद्यकीय तपासणीचं आहे. आधी वर्ग दोनची तपासणी, मग वर्ग एकची, जी हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांत किंवा मान्यताप्राप्त तपासनीसांकडे होते. चष्मा असला तरी चालतो, मर्यादेत. रंग ओळखण्यातला दोष, हृदयाचा एखादा बारीक बिघाड, कानाची तक्रार अशा गोष्टी मात्र उघड्या पडतात, आणि त्या शाळेत फी भरल्यानंतर उघड्या पडल्या तर पैसे परत मिळवण्यात वर्ष जातं. म्हणून फॉर्म भरण्याआधी, बँकेत जाण्याआधी, नातेवाइकांना पेढे देण्याआधी मुलाला किंवा मुलीला घेऊन तपासणीला जा. कुठे जायचं, कोणती कागदपत्रं न्यायची, आदल्या दिवशी काय टाळायचं, हे लेखकाने पहिल्याच पानांत दिलं आहे.